डबा तसाच परत येतोय

एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील गाळून ते थोडक्यात देते.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका अनुदानित मराठी शाळेत त्या सहावीच्या वर्गशिक्षिका आहेत. नोकरीला १९ वर्षं झाली, वर्गात ५४ मुलं. त्यांचा एक नियम पहिल्यापासून ठरलेला: फळ्यावरचं सगळं तास संपायच्या आत वहीत उतरवायचं. ज्याचं राहील त्यानं मधल्या सुट्टीत बसून आधी ते पूर्ण करायचं, मग डबा. यंदा वर्गात एक मुलगा आहे. तोंडी काहीही विचारा, हात वर. वही उघडली तर तारीख, धड्याचं नाव आणि दोन-अडीच ओळी. जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलतीकडे. गेले तीन आठवडे तो रोज मधल्या सुट्टीत वर्गातच बसतोय. मध्यंतरी त्याची आई शाळेत आली. भांडायला नव्हती आली. एवढंच म्हणाली, "बाई, डबा तसाच परत येतोय." त्यानंतर बाईंनी त्याला चार दिवस सूट दिली, तर पहिल्या बाकावरच्या मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, त्याचं अर्धं चालतं, मग आमचं का नाही?" शिक्षक खोलीत सहकारी म्हणाले, एकाला मोकळीक दिली की वर्ग हातातून जातो. आधी शिकण्यात अडचण असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणू दे, मग बघू. बाई विचारतात: नियम मोडला तर बाकीच्या ५३ जणांवर अन्याय होईल का? आणि नाही मोडला तर या एकावर?

प्रिय बाई,

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मी कडक आहे, पण दुष्ट नाही." ते वाचून मला गलबलून आलं. तुम्ही दुष्ट असता तर त्या आईचं वाक्य तुमच्या कानात असं रुतून बसलं नसतं. मीसुद्धा २८ वर्षं वर्गात काढली आहेत, म्हणून तुमची बाजूही मला दिसते. सहावीच्या वर्गाला कायद्यानं एका शिक्षकामागे ३५ मुलं असावीत, तुमच्यापुढे ५४ बसली आहेत. त्यात ऑनलाइन माहिती भरा, मतदार याद्या करा, पोषण आहाराच्या नोंदी ठेवा. एवढ्या पसाऱ्यात वर्ग चालायचा तर नियम लागतातच, आणि ज्यांच्या वर्गाला नियम असतो त्यांच्याकडे मुलं शिकतातही. तेव्हा तुम्ही नियम का केला, असं मी विचारणार नाही. तो कशासाठी केला होता, एवढंच विचारते.

खरं उत्तर शोधायला थोडा वेळ घ्या. मुलांनी लक्ष द्यावं म्हणून? अक्षर सुधारावं म्हणून? परीक्षेला वहीत काहीतरी हाताशी असावं म्हणून? की मुख्याध्यापकांची वह्या तपासणी असते, तेव्हा ५४ वह्या पूर्ण दिसाव्यात म्हणून? मी माझ्यापुरतं सांगते. माझ्या वर्गात हाच नियम होता आणि त्यामागे चौथं कारण होतं. पर्यवेक्षक वही चाळायचे, रिकामं पान दिसलं की माझ्याकडे बघायचे. त्या बघण्याची मला भीती वाटायची आणि ती भीती मी मुलांवर ढकलायची. तुमचं कारण हेच असेल असं नाही. पण असेल, तर ते तुमच्या आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर सोडवायचं, त्याची किंमत त्या मुलाच्या डब्यानं का चुकवायची?

आता त्या मुलाच्या बाकावर जाऊन बसू. फळ्यावर तुम्ही लिहिलंय, "हवेत नायट्रोजनचे प्रमाण सर्वांत जास्त असते." पहिल्या बाकावरची मुलगी एकदा वर बघते, अर्धं वाक्य डोळ्यांत घेऊन खाली येते, लिहिते. पुन्हा एकदा वर, वाक्य संपलं. या मुलाला वाक्य दिसत नाही, सुटी सुटी चिन्हं दिसतात. तो 'ह' घेऊन खाली येतो. मग 'वे'. मग वर बघितल्यावर आपण कुठे होतो ते शोधायचं. सहा ओळींच्या मजकुरात ती जागा हरवते, कधी वरची ओळ लागते, कधी खालची. त्यात हा आपला 'र'. या एकाच वाक्यात बघा, 'ट्रो'मध्ये तो खाली दोन तंगड्या फाकवून उभा आहे, 'प्र'मध्ये एक तिरकी रेघ झालाय आणि 'सर्वांत'मध्ये रफार होऊन 'व'च्या डोक्यावर बसलाय. म्हणताना 'र' आधी आणि 'व' नंतर, लिहिताना मात्र 'व' काढून झाल्यावर 'र'ची खूण. 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. तुम्हाआम्हाला हे इतकं सवयीचं झालंय की त्यात काही अवघड आहे हेच विसरायला होतं. या मुलासाठी ओळीतलं प्रत्येक अक्षर हा नवा निर्णय आहे. तीस मिनिटांत तो दोन-अडीच ओळी लिहितो, त्या आळसानं नाही. बाकी मुलांनी पानभर लिहायला जेवढी मेहनत घेतली नसेल तेवढी त्याची त्या अडीच ओळींत जाते. शिवाय तुम्ही जे समजावून सांगत असता ते त्या वेळात त्याच्या कानावरून निघून जातं.

खरं वाटत नसेल तर एक करून बघा. एखाद्या ओळखीच्या माणसाला मोडीतल्या किंवा कन्नडमधल्या सहा ओळी फळ्यावर लिहायला सांगा, शेवटच्या बाकावर बसा आणि दहा मिनिटांत त्या उतरवा. शेजारी कुणालातरी तुमच्याशी सतत बोलत ठेवा. त्यानंतर तो काय बोलला ते सांगायचा प्रयत्न करा. शक्य झालं तर त्या आक्षेप घेणाऱ्या सहकाऱ्यांनाही सोबत बसवा. चिडवायला नाही, हे बोलून समजत नाही म्हणून.

माझ्या हातून जे झालं तेही सांगते. एक मुलगा 'विद्यार्थी' हा शब्द नेहमी 'विध्यार्थी' असा लिहायचा. एके दिवशी मी त्याला तो शंभर वेळा लिहून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यानं तीन पानं आणली. मी नीट बघितलं तर त्यानं आधी पानभर खालपर्यंत नुसते 'वि' लिहिले होते, मग त्यांच्या शेजारी 'ध्या'ची उभी रांग, मग 'र्थी'ची. म्हणजे शब्द त्यानं एकदाही लिहिला नव्हता, आणि चूक मात्र शंभर वेळा घोटली होती. मी त्याला चलाख समजले आणि पुन्हा शंभर वेळा लिहायला लावलं. सुटे तुकडे करूनच त्याला तो शब्द पेलत होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. का आला नाही, ते मी कधी विचारलं नाही. ती तीन पानं मी तेव्हाच टाकून दिली असणार, पण ती उभी रांग अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट, तिच्यात मागेपुढे बघू नका. डबा या नियमातून उद्याच बाहेर काढा. या मुलासाठी आणि सगळ्यांसाठी. जेवण आणि मधली सुट्टी ही काम पूर्ण केल्याची बक्षिसी नाही. शाळेची खिचडी असो की घरची पोळी-भाजी, ते त्याच्या हक्काचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे, आणि तीन आठवडे उपाशी बसवणं त्यात येतं असं उद्या कुणी म्हणालं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. पण कायद्याची भीती बाजूला ठेवा. ज्या मुलाला बसून आणि एकटक बघून सर्वांत जास्त थकवा येतो, त्याचीच उठण्याची, पळण्याची, खाण्याची वेळ आपण काढून घेतो, आणि पाचव्या तासाला तो पेंगतो म्हणून त्याच्यावरच ओरडतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. "त्याचं अर्धं चालतं, मग आमचं का नाही?" तुम्हाला तो उद्धटपणा वाटला. मला तो रास्त प्रश्न वाटतो. तिनं आजवर इमानेइतबारे तुमचा नियम पाळलाय. अचानक एका मुलाला सूट मिळाली आणि कारण कुणी सांगितलं नाही, तर तिला खटकणारच. मुलांना फरक करण्याचं वावडं नसतं, न सांगता केलेला फरक त्यांना सलतो. गल्लीत लपाछपी खेळणारी मुलं आठवा. कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागलेला असतो, तर त्याला लिंबूटिंबू करतात. तो खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. कुणी मोठ्या माणसानं त्यांना हे शिकवलेलं नसतं, कुणी "हा अन्याय आहे" म्हणून खेळ मोडत नाही. सगळ्यांना खेळता यावं म्हणून नियम वाकवायचा, ही अक्कल तुमच्या त्या ५३ मुलांकडे आधीच आहे.

पण इथेच एक धोका आहे, आणि तो मला तुमच्या चार दिवसांच्या सवलतीत दिसला. लिंबूटिंबूचा खेळ कुणी मोजत नाही. तो सापडला काय, न सापडला काय. तुम्ही त्या मुलाला म्हणालात, "तुझं राहू दे." तो खूश झाला नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मान खाली घालून बसला. मला वाटतं त्याला बरोबर कळलं. आधी बाई माझ्याकडून अशक्य मागत होत्या, आता काहीच मागत नाहीत. शाळेत दोन्हीही माणसाला सारखंच लहान करतं. त्यानं हवेतल्या वायूंचं प्रमाण शिकलंच पाहिजे, ते तुम्ही त्याच्याकडून मागितलंच पाहिजे, आणि कडकपणा दाखवायचा तर तो इथे दाखवा. फक्त ते फळ्यावरून वहीत उतरवूनच दाखव, ही अट सोडा.

मग काय करायचं? तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात.

एक, त्या एकट्याला गुपचूप सूट. सोपी आहे, पण तुम्ही करून बघितलीत, त्यात तो वर्गात वेगळा पडतो. दुसरी वाट सहकाऱ्यांची, प्रमाणपत्र येईपर्यंत काही बदलायचं नाही. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, पण तोवर सहामाही उलटून जाईल आणि मुलगा रोज वर्गात बसलेलाच असेल. तिसरी वाट मला पटते: नियमच सगळ्या वर्गासाठी बदलायचा. यात तुमचं काम सुरुवातीला वाढेल, ते लपवत नाही. म्हणून सगळ्याच विषयांत एकदम हात घालू नका. विज्ञानापासून सुरू करा.

फळ्याचे दोन भाग करा. एका बाजूला चौकट आखा आणि तिच्यात धड्यातल्या चार-पाच महत्त्वाच्या ओळी लिहा. चौकटीतलं सगळ्यांनी लिहायचंच. बाहेरचं समजावण्यासाठी, ज्याला हवं त्यानं घ्यावं. पुस्तकात छापलेलं पुन्हा फळ्यावर आणि फळ्यावरून पुन्हा वहीत, हा उद्योग आपण किती करतो ते एकदा मोजून बघा. त्या मुलाला पुढच्या दोन बाकांत बसवा, फळा त्याच्या सरळ समोर येईल असा. त्याच्यासाठी चौकटीतल्या ओळी एका कागदावर लिहून बाकावर ठेवल्या, तर मान वर-खाली करून जागा शोधण्याची निम्मी दमछाक कमी होते. ओळीखाली पट्टी धरायला शिकवा. उरलेल्या मजकुराला कार्बन पेपर लावा. स्टेशनरीच्या दुकानात अजून मिळतो. शेजारच्या मुलानं नेहमीसारखं लिहायचं, खालची प्रत याच्या वहीत चिकटवायची. हे काम आठवड्याच्या पाळीनं फिरवा, एकाच शहाण्या मुलीच्या गळ्यात टाकू नका. आणि कार्बनची प्रत आजारपणामुळे घरी राहिलेल्यालाही द्या, हात मोडलेल्यालाही द्या. म्हणजे ती "त्याची" सूट राहत नाही, वर्गाची सोय होते.

लिहिणं कमी झालं त्या बदल्यात त्याच्याकडून तोंडी घ्या. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची जी आठ साधनं आपल्याला दिलेली आहेत त्यात तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे. आपणच सगळं चाचणी आणि वर्गकार्यावर लोटतो. तास संपताना दोन मिनिटं त्याला विचारा, बरोबर सांगितलं तर नोंदवहीत तारखेसह लिहा. घटक चाचणीत त्याला प्रश्न वाचून दाखवा. विज्ञानाच्या पेपरात र्‍हस्व-दीर्घाचे गुण कापू नका. मराठीच्या तासाला शुद्धलेखन जरूर घ्या, पण एका आठवड्याला एकच गोष्ट. या आठवड्यात फक्त रफार. लाल शाईनं रंगलेलं पान बघून कुणी सुधारत नाही. एका चुकीवर बोट ठेवलं तर ती हाताला लागते.

मुख्याध्यापकांकडे वह्या तपासणीच्या आधी जा, नंतर नको. त्याच्या वहीतलं आधीचं पान, चौकटीतल्या ओळींचं आताचं पान आणि तोंडी कामाच्या नोंदी, तिन्ही समोर ठेवा. म्हणा, "सर, वही अशी दिसेल, पण मुलगा शिकतोय याचा हा पुरावा." बहुतेक मुख्याध्यापक पुराव्यापुढे ऐकतात. आणि त्या मुलीला, खरं तर सगळ्या वर्गाला, कुणाचंही नाव न घेता सांगा: "आजपासून या वर्गात ज्याला शिकायला जे लागेल ते मी देणार. तुला काही लागलं तर तूही मला येऊन सांग." मग खरंच ऐका. सुरुवातीला दोघं-तिघं बघायला म्हणून मागतील, द्या. माझ्या वर्गात पंधरा दिवसांत ती नवलाई ओसरली. पण एक गप्प मुलगी त्या निमित्तानं पुढे आली होती आणि म्हणाली होती, "बाई, मला एका कानानं ऐकू येत नाही." चार महिने मी तिला चुकीच्या बाजूला बसवलं होतं.

आता प्रमाणपत्राचं. सहकारी म्हणतात ते अगदीच चूक नाही, पण त्यांनी क्रम उलटा केलाय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्यावर योग्य शैक्षणिक उपाय करणं हे शाळेचं काम आहे, असं त्याच्या १६ व्या कलमात स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यानंही प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता ओळखून लागेल ते जादा शिकवणं शिक्षकाच्या कर्तव्यात घातलंय. चौकट, कार्बन पेपर, पुढचा बाक यासाठी कुणाच्याही सहीशिक्क्याची गरज नाही. प्रमाणपत्र लागतं ते पुढे, बोर्डाच्या सवलतींसाठी. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला आपल्या राज्यानं १९९६ मध्येच सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, अशा त्या सवलती आहेत आणि अनेक पालकांना त्या दहावीचा फॉर्म भरताना पहिल्यांदा कळतात. तेव्हा धावपळ होते. सहावी ही योग्य वेळ आहे.

पण मुलाला कसली अडचण आहे हे तुम्ही ठरवू नका, मीही पत्र वाचून ठरवणार नाही. आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. मागच्या बाकावरून फळा धूसर दिसणारी किती मुलं "अभ्यासात कच्ची" म्हणून वर्षं काढतात! मग कान. त्यानंतर तुमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना लेखी कळवा आणि मुलाला भेटायला बोलवा. पुढची तपासणी सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ करतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे वयाची अडचण नाही. तुमच्या शाळेत खालचे वर्ग असतील तर तिथल्या शिक्षकांनाही सांगा, की मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं प्राथमिकच्या मुलांसाठी तयार केलेली डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीची चाळणी चाचणी मराठीतही आहे. हा मुलगा दुसरीत असतानाच कुणाच्या लक्षात आला असता तर इतकी वर्षं गेली नसती.

आईशी बोलताना एक सांभाळा. "तुमच्या मुलात काहीतरी आहे, दवाखान्यात न्या," असं म्हणालात तर ती घाबरेल, घरात बोलणी बसतील, कदाचित सासरी तिलाच दोष देतील. तिला आधी त्याला काय येतं ते सांगा. नायट्रोजनचं प्रमाण त्यानं कसं तोंडपाठ सांगितलं ते सांगा. मग म्हणा, हे त्याला कागदावर आणता येत नाहीये, कारण शोधायला मदत घेऊ.

तुमच्या पत्रासोबत याच धर्तीची आणखी काही पत्रं आहेत, त्यांनाही इथेच थोडं उत्तर देते. एका आईनं लिहिलंय, मुलाला लहानपणचा मधुमेह आहे आणि वर्गात खायला आणि तास चालू असताना लघवीला जायला बंदी आहे. इथे वाट बघण्यासारखं काही नाही. साखर उतरली तर मूल बेशुद्ध पडू शकतं. डॉक्टरांचं पत्र लावून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, पोच घ्या, आणि प्रत्येक तासाच्या शिक्षकांना ते माहीत असेल असं बघा. एका बाबांनी विचारलंय, मुलगा दहा मिनिटं एका जागी बसत नाही, रोज तक्रार येते. अशा मुलाला उठायचं कारण देता येतं. वह्या वाटणं, फळा पुसणं, कार्यालयातून खडू आणणं. तो तसाही उठणारच आहे, मग कामासाठी उठू दे. आणि एका ताईंचा स्वमग्न मुलगा परिपाठाच्या वेळी माईकच्या आवाजानं कान झाकून ओरडतो, तर शाळा म्हणते परिपाठाला सगळे रांगेतच हवेत. त्याला स्पीकरपासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला उभं राहू देण्यात शाळेचं काय जातं? याच मुलाला वेळापत्रक मात्र ठरलेलंच लागतं. तास अचानक बदलला तर त्याचा दिवस मोडतो. तेव्हा लवचिकपणा म्हणजे रोज काहीतरी नवं असा अर्थ कुणी काढू नये. काही मुलांची गरजच अशी असते की नियम घट्ट हवा आणि आधी सांगितलेला हवा.

बाई, तुमचे सहकारी म्हणाले, नियम म्हणजे नियम. त्यांना एकदा कोसबाडची आठवण करून द्या. पालघर जिल्ह्यातल्या त्या टेकडीवर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम सुरू केलं. पण मुलं दिवसभर गुरं राखायला जायची, शाळेच्या वेळेला येणार कुठून? मग त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं चरतात तिथेच शिक्षक जायचे आणि शाळा भरायची. त्यांनाही हजेरीची वेळ ठरवून, न येणाऱ्या मुलांची नावं कापता आली असती. आपल्याला शाळा माळावर न्यायची नाहीये. फळ्यावर एक चौकट आखायची आहे.

पहिल्या आठवड्यात काही जमलं नाही तर लगेच जुन्या नियमाकडे वळू नका. त्या मुलाला तीन आठवड्यांची सवय लागली आहे, घंटा झाल्यावरही तो कदाचित बाकावरच बसून राहील आणि तुमच्याकडे बघेल. तुम्ही स्वतः जाऊन त्याची वही मिटा आणि त्याला मित्रांकडे पाठवा. संध्याकाळी त्याच्या आईला फोन करून एवढंच सांगा, की उद्यापासून डबा रिकामा येईल, आणि वहीचं काय करायचं ते बोलायला शनिवारी शाळा सुटल्यावर या.